अनुभव धागा: बातमी ऑनलाइन वाचली, लिहिली, की नुसती पुढे ढकलली?

माळ्यावरची मृण्मयी

दिवाळीची साफसफाई काढलीय. माळ्यावरून एक निळी फाइल आली ती थेट माझ्या डोक्यावर. उघडली तर आत 2008 सालची मी. पत्रकारितेचं पहिलं वर्ष, इंदूरचा खंडवा रोड, डब्यात रोज पोळी-भाजी आणि वर शेव.

26/11 च्या आठवड्यात सरांनी काम दिलं होतं. एकच बातमी, एकच लिंक, दिवसातून तीनदा उघडायची आणि दर वेळी प्रिंट काढायची. सेव्ह केलेलं चालणार नाही, कागद आणा म्हणाले. घरी नेट नव्हतं. रामबागेतल्या कॅफेत तासाला पंधरा रुपये, प्रिंटचे वेगळे. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात मी बॉलपेनने वेळ लिहिलीय. सकाळी 9.20, दुपारी 1.45, संध्याकाळी 7.

त्या कागदांवर मृतांचा आकडा वाढत वाढत 190 च्या पुढे जातो आणि मग एका दिवशी खाली उतरतो. मेलेली माणसं कमी कशी होतील? काही मृतदेह दोनदा मोजले गेले असं कारण तेव्हा दिलं गेलं (शेवटी अधिकृत आकडा 166). पण त्या पानावर याचा एक शब्द नाही. जुना आकडा पुसला, नवा बसवला. मथळा तोच, लिंक तीच. घरी येणाऱ्या पेपरात निदान 'भूल सुधार'ची चौकट तरी यायची, आतल्या पानावर, मुंगीच्या अक्षरात का होईना.

मी हे सगळं वर्गात फार तोऱ्यात वाचून दाखवलं होतं. आणि दोनच महिन्यांनी स्वतःच चुकीची बातमी टाकली.

तेव्हा माझा ब्लॉग होता. एक दिवस ठोकून दिलं की आपली अमुक मराठी शाळा पाडून तिथे दुकानं होणार. स्रोत? आमच्या ओटल्यावर बसणारे तीन काका. प्रत्यक्षात छताची डागडुजी चालली होती. मुख्याध्यापिका बाई स्वतः घरी आल्या, आईने चहा केला, बाई चहा घेईनात. मी खाली मान घालून कॅफेत गेले. पोस्ट उडवणार होते, पण ब्लॉगवाल्यांत तेव्हा एक रीत होती, चुकलेलं पुसायचं नाही, आडवी रेघ मारून ठेवायचं आणि खाली खरं काय ते लिहायचं. तसं केलं. बाईंना प्रिंट नेऊन दाखवली.

पण तोवर एका पोर्टलने ती पोस्ट जशीच्या तशी उचलली होती. माझं नाव नाही, रेघेच्या आधीची. दोन मेल केले, उत्तर नाही. काल शोधलं. माझा ब्लॉग केव्हाच धूळ खात पडलाय, पण त्या पोर्टलवर शाळा अजून पाडली जातेय.

तुमचं सांगा. लिहिणारे, वाचणारे, ढकलणारे, सगळे.

पोहेवाला भिया

पंधरा रुपये?? आमच्याकडून वीस घ्यायचा. कॅफेचं नाव सांगू नको, मालक इथेच बसलाय आपल्यात

जेलरोडचा जावई

बसलोय. वीसवाला एसीचा तास होता.

पोहेवाला भिया

एसी कधी चालू पाहिला नाही भिया आम्ही

दत्ताकाका सुदामानगर

मृण्मयी बेटा, छान लिहिलंस. मी मोबाइलवर एका बोटाने लिहितो, चूकभूल द्यावी घ्यावी.

आमच्या वेळी ब्लॉग म्हणजे 'नईदुनिया'तलं 'पत्र संपादक के नाम'. 1947 साली इंदूरला निघालेला पेपर, आणि संपादक राहुल बारपुते, म्हणजे घरात मराठी बोलणारा माणूस हिंदी पत्रकारितेचा 'बाबा' झाला. राजेंद्र माथुर तिथेच, प्रभाष जोशी तिथूनच पुढे गेले, दोघेही हिंदीतले मोठे संपादक. पण आम्हा सामान्यांना पेपर आवडायचा तो त्या पत्रांसाठी. नर्मदेचं पाणी 1978 ला इंदुरात आलं. आमच्या गल्लीत मात्र नळाला नुसती हवा. मी पत्र धाडलं. अकरा दिवसांनी छापून आलं, दोन वाक्यं कापून. मी चिडलो. मग ती दोन वाक्यं पुन्हा वाचली. एकात नगरपालिकेच्या एका माणसाला नावानिशी चोर म्हटलं होतं, ऐकीव माहितीवर. तो पुढे आमचा व्याही निघाला असता, थोडक्यात हुकलं. ती दोन वाक्यं कापणारा कोण होता ते आजतागायत माहीत नाही.

आता मी लिहितो आणि पाठव दाबतो. कापणारा कोणी नाही. सून म्हणते बाबा आधी मला दाखवत जा.

शुभदा नारायणबाग

काका व्याही प्रकरण सविस्तर येऊ द्या!!

रात्रपाळी

कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत होतं तेवढं लिहितो.

20 नोव्हेंबर 2016, रविवार. मी एका पोर्टलच्या डेस्कवर रात्रपाळीला. नोटाबंदीला बारा दिवस झालेले, सगळं लक्ष एटीएमच्या रांगांवर. पहाटे तीननंतर इंदूर-पाटणा एक्स्प्रेस कानपूरजवळ पुखरायांला रुळावरून उतरली. आपल्या स्टेशनवरून आदल्या दुपारी सुटलेली गाडी. लग्नसराईचे दिवस, डबे भरलेले.

पहिली बातमी मी टाकली, चार ओळींची. मग सुरू झालं. दुसऱ्या साइटवर आपल्यापेक्षा आकडा मोठा दिसला की वरून फोन, 'आपला मागे का?' जणू क्रिकेटचा स्कोर. मी म्हणायचो, सर, रेल्वेने दिलेला हाच आहे. ते म्हणायचे, सूत्रांनुसार लिही. सूत्र कोण, तर ती दुसरी साइट. आणि तिचं सूत्र आम्ही! दोघे एकमेकांकडे बघून आकडे चढवत होतो. शेवटी खरा आकडा दीडशेच्या घरात गेला, म्हणजे आमच्या फुगवलेल्या आकड्यांच्याही पुढे. पण म्हणून आम्ही बरोबर होतो असं नाही ना.

सात वाजता लँडलाइनवर एका बाईंचा फोन. एस-1 मध्ये भाऊ आणि वहिनी होते. हेल्पलाइन लागत नव्हती म्हणून साइटच्या तळाशी असलेला, जाहिरातींसाठी दिलेला नंबर फिरवला होता. विचारलं, तुम्ही लिहिलंय एस-1, एस-2 चा चुराडा झालाय, ते तुम्ही पाहिलंय का? मी इंदुरात पलासियाच्या तिसऱ्या मजल्यावर, समोर थंड झालेले पोहे. काय सांगणार. म्हटलं, नाही ताई, एजन्सीवरून घेतलंय. त्या म्हणाल्या, मग तसं लिहा ना.

फोन ठेवला आणि पहिल्या ओळीत घातलं, 'एजन्सीच्या वृत्तानुसार'. दहा मिनिटांत कोणीतरी ते काढलं, हेडिंग लांब होतं म्हणून.

त्या भाऊ-वहिनीचं काय झालं मला कळलं नाही. नंबर लिहून घेतला नव्हता.

चौथी शिट्टी झाली, खिचडी लागली वाटतं.

शुभदा नारायणबाग

😔

माळ्यावरची मृण्मयी

'मग तसं लिहा ना.' सरांनी दोन वर्षांत हेच शिकवलं आणि त्या बाईंनी एका वाक्यात.

अंजली, आता वडोदरा

माहेर जुनी इंदूर, सासर बडोदा, त्यामुळे मराठीत दोन्हीकडच्या चुका आहेत, सांभाळून घ्या.

जुलै 2006. मुंबईत लोकलमध्ये स्फोट झाले त्यानंतरच्या आठवड्यात सरकारने काही मोजकी पानं बंद करायला सांगितली आणि नेट कंपन्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉटच (आमचे ब्लॉग जिथे असायचे ती साइट) बंद करून टाकलं. माझा पाककृतींचा ब्लॉग! त्यावर शेवटची पोस्ट भुट्ट्याच्या किसाची!! मी आपली दिवसभर राउटर बंद-चालू करत बसले. नवरा म्हणाला बिल भरलं नाहीस.

मग एका मैत्रिणीने एक आडवाट सांगितली. त्याच वर्षी पाकिस्तानात ब्लॉगस्पॉट बंद पडलं होतं तेव्हा तिकडच्या मंडळींनी काढलेली साइट. नावातच 'पीके'. तर माझा भुट्ट्याचा कीस मी बडोद्यात बसून पाकिस्तानच्या दारातून बघितला. एक वर्ष आधी मुंबई पाण्याखाली गेली (26 जुलै) तेव्हा याच ब्लॉगस्पॉटवर लोकांनी मदतीचे फोन नंबर गोळा केले होते, हेही तेव्हा कोणाला आठवलं नाही.

पोहेवाला भिया

भुट्ट्याच्या किसात दूध घालता की नाही ते सांगा आधी

अंजली, आता वडोदरा

घालते. आणि साखर चिमूटभर. भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा.

दत्ताकाका सुदामानगर

साखर नको.

विनीत कृतिदेव

सगळे भावनांबद्दल बोलतायत, मी फॉन्टबद्दल बोलतो. 2000 च्या आसपास पेपरात सगळं कृतिदेव नाहीतर चाणक्यमध्ये. 1999 ला आपल्या इंदुरातूनच वेबदुनिया निघालं, हिंदीतलं पहिलं पोर्टल, पण बाकी कुठलीही साइट उघडायची तर आधी तिचा फॉन्ट उतरवा. नाही उतरवला तर बातमी म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. मग युनिकोड आलं, म्हणजे वेगळा फॉन्ट न उतरवता कुठेही वाचता येणारी अक्षरं. मी कन्व्हर्टरमधून मजकूर काढायचो तर पहिली वेलांटी एक घर सरकायची आणि रफार गायब. एका शोकसंदेशात 'स्वर्गवासी'चा रफार उडाला. रात्री साडेअकराला त्यांच्या मुलाचा फोन. मी रफार लावला. आता पटकन लागतो तरी, छापलेल्या पेपरात तो तसाच राहिला असता जन्मभर.

म्हणून मृण्मयी, गुपचूप दुरुस्तीची सोय इतकीही वाईट नाही हां.

माळ्यावरची मृण्मयी

रफाराला माफ. आकड्याला नाही.

सासूबाईंची लाडकी

आमच्याकडे नोटाबंदीत सासरे दोन हजाराची नवी नोट देवघरातल्या समईसमोर धरून चिप शोधत होते. टीव्हीवर सांगितलं होतं, जमिनीत पुरली तरी उपग्रहाला दिसते. रिझर्व्ह बँकेने असं काही नाही म्हणून सांगितलं. सासरे म्हणाले, ते तसं सांगणारच! एक नोट थोडी करपली. ती कोणीच घेईना.

जेलरोडचा जावई

माझ्याकडे आली होती ती बहुतेक

ईशा, सेकंड इयर

मी सध्या त्याच खंडवा रोडवर शिकतेय, ताई तुमची ज्युनियर :)

आम्हाला आता प्रिंट काढायला सांगत नाहीत, स्क्रीनशॉट चालतो.

30 मार्च 2023, रामनवमी. मी बारावीत होते. बेलेश्वर महादेव मंदिरात बावडीवरचं छत कोसळलं, आमचं घर तिथून दोन गल्ल्या पलीकडे. पुण्याच्या मावशीचा फोन आला, 'तुमच्याकडे काय झालं गं?' तिला माझ्याआधी कळलं होतं. मी आणि बाबा बाहेर आलो तर रस्त्यावर गर्दी, आणि गर्दीतला जवळजवळ प्रत्येक माणूस मोबाइलमध्ये बघत होता. भिंतीपलीकडे काय चाललंय ते फोनवर. एक काका मोठ्याने आकडा वाचून दाखवत होते, शेजारचे म्हणाले माझ्यात वेगळा दाखवतंय. दोर घेऊन धावणाऱ्या पोरांना वाट द्यायला सुद्धा कोणी मान वर करत नव्हतं. 36 जण गेले. दुसऱ्या दिवशीपर्यंत काढत होते.

मीपण व्हिडिओ काढला होता. बावीस सेकंदांचा. नुसता रस्ता आणि लोकांची पाठ. कुठे टाकला नाही, उडवलाही नाही. का ठेवलाय ते माहीत नाही. पत्रकारितेला गेले ते त्यामुळे का, असं घरी विचारतात. नाही हो, इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही.

रात्रपाळी

ईशा, तो ठेव. कोपऱ्यात वेळ लिहून ठेव, मृण्मयीसारखी.

शुभदा नारायणबाग

मी ब्लॉग लिहायचे, 41 वाचक. सगळे गूगल रीडरवरून (आवडते ब्लॉग एकाच जागी वाचायची सोय) यायचे. जुलै 2013 ला गूगलने रीडर बंद केलं आणि माझे 41 चे 6 झाले. त्यातला एक मी. बास, एवढाच अनुभव. जाते, चकली बिघडलीय, मोहन जास्त झालं.

सासूबाईंची लाडकी

भाजणीच घालून बघ थोडी वरून

कल्पना मोघ्यांची

थांबा थांबा. मृण्मयी, ती शाळा चिमणबागेकडची का? त्या बाई म्हणजे आमच्या आत्तेसासूबाई!! वय 84, खणखणीत. आत्ता वाचून दाखवलं त्यांना.

माळ्यावरची मृण्मयी

अगं बाई. काय म्हणाल्या?

कल्पना मोघ्यांची

म्हणाल्या तुझी प्रिंट आहे त्यांच्याकडे, पेटीत. रेघ मारलेली. खालच्या दुरुस्तीच्या चार ओळींत तीन ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होत्या, लाल पेनने काढून ठेवल्यात पण तुला द्यायच्या राहिल्या. आणि चहा घेतला नाही कारण त्या दिवशी चतुर्थी होती, रागाने नाही. तुझी आई उगाच मनाला लावून घेत बसली.

माळ्यावरची मृण्मयी

आई गेली गं चार वर्षांपूर्वी. तिला शेवटपर्यंत वाटायचं बाई रागावल्यात.

रविवारी येऊ का? पेटीतला कागद बघायला.

कल्पना मोघ्यांची

ये ना. दुपारी चारनंतर, त्याआधी झोपतात. कानाचं यंत्र लावायला लावते.

पोहेवाला भिया

जाताना सराफ्यातून गराडू (तळलेला कंद) नेशील का, आलेत का बघ यंदा

दत्ताकाका सुदामानगर

दिवाळीआधी येत नाहीत.