रनिंगची मासिकं वाचून ट्रेनिंग जमतं का कुणाला? (जुन्या रनर्स वर्ल्डचा गठ्ठा हाती लागलाय)

कासवगती, पुणे

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीतला मावसभाऊ घर बदलत होता, त्याच्याकडे रनर्स वर्ल्ड या अमेरिकन मासिकाचे जुने अंक होते ते रद्दीत घालण्याऐवजी त्याने मावशीच्या बॅगेतून माझ्यासाठी पाठवून दिले. मावशी अजून धुसफुसतेय, जाताना लोणची-मसाले नेले आणि येताना ही रद्दी आणली म्हणून. मी मात्र जाम खूश आहे. रात्री झोपताना एखादा अंक उघडते आणि वाचता वाचता असं होतं की आत्ताच बूट चढवावेत आणि सुटावं. नवरा म्हणतो तू धावतेस कमी आणि वाचतेस जास्त, ते सोडा.

तर माझी गोची अशी. जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन (४२ किमी) करायची आहे, पहिलीच. हाफ (२१ किमी) सव्वादोन तासात होते. आता या अंकांमधे दर महिन्याला नवा प्लॅन, एकात आठवड्याला तीनच दिवस धावा, दुसऱ्यात सहा दिवस, एकात मधे मधे चाला म्हणतात, दुसऱ्यात ते यासो ८०० की काय. सगळं मैलात, तापमान फॅरनहाइटमधे, आणि सकाळी बेगल (तो मधे भोक असलेला गोल पाव) खाऊन निघा म्हणे. मला साडेचार तासात संपवायची इच्छा आहे. यातलं काय धरू आणि काय सोडू? आणि नवीन अंकांची वर्गणी भरण्यात अर्थ आहे का?

---

टेकडीवाला

ताई, वाचनाची सवय सोडू नका, नवऱ्याला बोलू द्या. मीही वेताळ टेकडीवर पळायला लागलो ते असल्याच एका अंकामुळे, मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर मिळाला होता.

पण प्लॅन उचलताना एक बघा, तो कुठल्या महिन्याच्या अंकातला आहे. त्यांच्या मोठ्या शर्यती दोन मोसमात, एप्रिलमधे बॉस्टन आणि मग शिकागो-न्यूयॉर्क ऑक्टोबर-नोव्हेंबरला. सगळी मांडणी त्या हिशोबाने. आपली मुंबई जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे १८ आठवड्यांचा प्लॅन धरला तर सुरुवात येते सप्टेंबरच्या मध्यावर. पहिले आठवडे पावसात, मग ऑक्टोबर हीट, त्यातच नवरात्र आणि दिवाळी. त्यांच्या तक्त्यात फराळाचा आठवडा नसतो. तो तुम्हीच आधी पेन्सिलने आखून घ्या आणि त्या आठवड्यात मुद्दाम कमी धावा, नाहीतर बुडालेलं भरून काढायला पुढच्या रविवारी डबल पळायचा मोह होतो आणि पोटरी धरते.

दुसरं, पुणेकरांना मुंबई फसवते. डिसेंबरात इथे पहाटे कोरडी थंडी, ३० किलोमीटर मस्त जातात, आणि मग तिकडे सीएसएमटीला पहाटे उभं राहिलं की अंगाला चिकचिक. घाम वाळतच नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही, त्याच वेगाला ठोके जास्त पडतात. आणि परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ येतो तो पस्तीस किलोमीटरच्या आसपास, बरोब्बर जिथे पाय संपलेले असतात तिथे. म्हणून अंकातला पेस (मैलाला किती मिनिटं तो वेग) तसाच्या तसा घेऊ नका. ऑक्टोबरात घड्याळाकडे न बघता दम बघून धावा, पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे.

मैलाचं सोपं आहे, २० मैल म्हणजे ३२ किमी, आणि १० मिनिटांचा मैल म्हणजे किलोमीटरला ६:१३. बेगलच्या जागी केळं नाहीतर राजगिऱ्याचा लाडू. झालं.

---

चार्ल्सकाठी

बॉस्टनजवळ राहतो, इथल्या बाजूने थोडं सांगतो. हे मासिक १९६६ मधे कॅन्ससमधल्या बॉब अँडरसन नावाच्या शाळकरी पोराने काढलं, तेव्हा नाव वेगळं होतं, डिस्टन्स रनिंग न्यूज. तेव्हा लांब पळण्याबद्दल वाचायला कुठे काही मिळतच नव्हतं म्हणून काढलं. आता परिस्थिती उलटी झालीय, माहिती इतकी झाली की कुठली घ्यायची हाच प्रश्न, तुमच्यासारखा.

दर अंकात नवा प्लॅन का, तर मासिक दर महिन्याला भरायचं असायचं हो! ट्रेनिंगची मूळ तत्त्वं मोजकीच आहेत, हळू पळा, हळूहळू वाढवा, आठवड्यातून एकदा लांब, एखाद दिवशी जोरात, नीट झोपा. एवढ्यावर वर्षाचे अंक कसे निघणार. त्यामुळे तेच परत परत नव्या मथळ्याखाली येतं आणि त्यात काही गैर नाही, कारण वाचणाराही दरवर्षी नवा असतो. तुम्ही एकच प्लॅन घ्या, आठवड्याला चार दिवसांचा, आणि बाकीचे प्लॅन फक्त वाचायला ठेवा.

यासोबद्दल. बार्ट यासो हा त्याच मासिकातला माणूस, स्वतःसाठी एक ठोकताळा वापरायचा आणि त्याला हे नाव दिलं अँबी बरफूटने, जो १९६८ ची बॉस्टन जिंकला होता आणि नंतर तिथे संपादक झाला. युक्ती अशी की फुल जितक्या तास-मिनिटात हवी तितक्याच मिनिट-सेकंदात ८०० मीटर पळायचं, असं दहा वेळा, मधे तेवढाच वेळ हळू जॉग. तुम्हाला ४ तास ३० हवेत तर ८०० मीटर ४ मिनिट ३० सेकंदात. पुण्यात सणस मैदानावर ट्रॅक आहे ना, आतल्या लेनच्या दोन फेऱ्या म्हणजे एक. सुरुवात चार वेळांपासून करा आणि दर आठवड्याला एक वाढवा. पण याला भाकीत समजू नका, याच्या मागे शास्त्र नाही, योगायोगाने आकडे जुळतात इतकंच. ज्यांचे लांब रन कमी झालेत त्यांना हे दहा आरामात जमतात आणि शर्यतीत तीस किलोमीटरनंतर मात्र दिवे लागतात.

तुमचा सव्वादोनचा हाफ धरला तर हाफवरून फुलचा अंदाज काढायच्या नेहमीच्या सूत्राने फुल ४:४० च्या पुढे जाते, आणि ते थंड हवेतलं सूत्र आहे. पहिली फुल, मुंबईची दमट हवा, मी तरी पाच तास डोक्यात ठेवून निघेन. साडेचारसाठी किलोमीटरला ६:२४ लागेल शेवटपर्यंत.

---

फुकटधावक

सगळं बरोबर पण जाहिरातींबद्दल कुणीच बोलत नाही? शू गाइडचे अंक वाचले की माणसाला आपले चांगले बूट जुने वाटायला लागतात. २०१७ पासून कार्बन प्लेटवाल्या (तळव्यात कार्बनची कडक पट्टी, वेगासाठी) बुटांचा जो सुळसुळाट झालाय, पाच तासवाल्याला त्याचा काय उपयोग सांगा. पायाला न चावणारा बूट घ्या, मागच्या वर्षीचं मॉडेल सेलमधे मिळतं.

आणि मासिकातली प्रत्येक गोष्ट वेदवाक्य नाही. आठवड्याला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका हा नियम सगळीकडे छापलेला असतो, नेदरलँड्समधे ग्रोनिंगेनला नवख्या धावकांवर तपासून बघितला, २००८ मधे प्रसिद्ध झालं, तर १० टक्केवाले आणि भराभर वाढवणारे, दोन्हीकडे साधारण पाचातला एक जण जखमी. म्हणजे वाट्टेल तसं वाढवा असं नाही, पण १० च्या जागी १२ झाले म्हणून रात्री झोप उडवून घेऊ नका.

शिवाय प्रेरणा न्यू जर्सीहूनच मागवायला हवी का? ललिता बाबर आपल्या माणदेशातली, मुंबई मॅरेथॉनमधे भारतीय महिलांत पहिली आली, मग स्टीपलचेसकडे (अडथळ्यांच्या शर्यतीकडे) वळली आणि २०१६ ला रिओमधे थेट फायनल. पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक ऑलिंपिक फायनलला पोचलेली आपली पहिली बाई. मराठीत तिच्या ट्रेनिंगबद्दल खोलात जाऊन लिहिलेलं शोधा बरं, सत्काराचे फोटोच जास्त मिळतील.

---

कासवगती

फुकटधावक, ललिताचं पटलं एकदम. पण तुम्ही म्हणता तसं प्रेरणा इथली-तिथली असं मला वाटत नाही हो. एका अंकात जॉर्ज शीहनवर लेख होता, न्यू जर्सीचाच हृदयरोगतज्ज्ञ, चाळिशीच्या मध्यावर परत धावायला लागला आणि पन्नाशीत मैल पाच मिनिटांच्या आत मारला, ४:४७ की काहीतरी. मी चव्वेचाळीस. तो लेख मी मार्करने रंगवून ठेवलाय. वेग वगैरे मला काय जमणार, पण त्याने सुरू कधी केलं ते वाचून बरं वाटलं.

यासो करून बघते. पाच तासाचंही मनावर घेतलं, थोडं जड गेलं.

एक मात्र त्या अख्ख्या गठ्ठ्यात सापडलं नाही. पहाटे पाचला आमच्या गल्लीच्या तोंडाशी सहा-सात कुत्री बसलेली असतात आणि मी धावायला लागले की उठतात. यावर काय करतात लोक?

---

यवतेश्वरी, सातारा

हाहा, ताई, हा खरा देशी प्रश्न! कुत्री दिसली की धावणं बंद, चालायचं, नजरेला नजर द्यायची नाही आणि पाठ फिरवून पळायचं तर अजिबातच नाही. गल्ली ओलांडली की मग सुरू. मी दोन महिने त्याच वेळेला त्याच रस्त्याने गेले, आता ओळखतात, मान वर करून बघतात आणि परत झोपतात. तरी वळणावर हातात काठी घेऊन फिरणारे काका असतात त्यांच्या मागेमागे जाणं सगळ्यात सेफ.

अंधारात एकटीने लाँग रन करू नका, दोघीतिघी जमवा. हेडफोन लावलाच तर एका कानात. हे मासिकात सापडेल, बायकांच्या सुरक्षेवर ते बरंच लिहितात.

तुम्हाला चढाची प्रॅक्टिस हवी असेल तर आमच्या यवतेश्वर घाटात या एखाद्या रविवारी. सातारा हिल हाफचा रस्ता तोच, अर्धी शर्यत वर आणि अर्धी खाली. लोक चढाला घाबरतात पण मांड्या बोलतात त्या उतरताना, म्हणून उतारावर लांब ढांगा टाकू नका, छोटी पावलं. घाट दोन-तीनदा केला की पेडर रोड म्हणजे फ्लायओव्हर वाटेल.

आणि वर्गणीचं, आधी गूगल बुक्सवर बघा, रनर्स वर्ल्डचे बरेच जुने अंक तिथे पूर्ण आणि फुकट वाचता येतात. ते संपेपर्यंत तुमची मॅरेथॉन होऊन जाईल.

---

कासवगती

बापरे, गूगल बुक्सचं मावशीला कळू देऊ नका कुणी.

ठरलं मग. चार दिवसांचा प्लॅन, दिवाळीचा आठवडा हलका, बुधवारी सणस, रविवारी लांब, आणि कुत्र्यांसमोर चालायचं. शू गाइडचे अंक कुणाला हवेत का? कोथरूडमधून येऊन न्यायचे.

---

फुकटधावक

मला द्या. रविवारी येतो.

---

टेकडीवाला

😂 आता कार्बन प्लेट घेतल्याशिवाय राहत नाही हा.