बोलणाऱ्या सशानंतर डायरेक्ट कर्ण? आठवीतल्या मुलीला मराठीत काय द्यावं?

मीराची_मावशी

नमस्कार मंडळी,

भाची आठवीत आहे, ठाण्याला, इंग्रजी माध्यम. वाचते प्रचंड. जेवताना पुस्तक पाण्याच्या तांब्याला टेकवून वाचते आणि रोज ताईची बोलणी खाते. पण सगळं इंग्रजी. जाडजूड मालिका, ज्यांत सोळा वर्षांची मुलगी राज्य उलथवते नाहीतर आजारी मुलाच्या प्रेमात पडते. मी नाकं मुरडत दोन वाचली. दुसरीच्या शेवटी ढसाढसा रडले, ते असो.

दिवाळीत ती साताऱ्याला माझ्याकडे आली तेव्हा मोठ्या हौसेनं तिला पुस्तकाच्या दुकानात नेलं. बालविभागात तिनं एक पुस्तक उघडलं. त्यात ससा कासवाला स्वच्छतेचं महत्त्व पटवून देत होता. तिनं ते मिटून इतक्या हळुवारपणे जागेवर ठेवलं की मलाच कसंतरी झालं. दुकानदार काका म्हणाले, "मोठी आहे की, ‘मृत्युंजय’ न्या." तिनं ते दोन्ही हातांनी उचलून बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, मराठीत सशानंतर डायरेक्ट कर्ण असतो का?"

मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही द्या. पुस्तकातलं पोर तिच्या वयाचं हवं आणि शेवटच्या पानावर कुणी मोठं माणूस येऊन शहाणपण शिकवता कामा नये, एवढीच अट. आणि ‘श्यामची आई’ कृपया सुचवू नका. शाळेत त्याचं नाटक करून झालंय. ती मोरी गाय होती.

बंड्या_कऱ्हाडकर

फास्टर फेणे! ट्टॉक्! विषय संपला.

फुरसुंगीचा बनेश पुण्याच्या विद्याभवनात येतो तिथून सुरू करा. वीसेक पुस्तकं आहेत, सुट्टी जाईल. मी चौथीत सायकल घेऊन त्याच्यासारखा उतारावरून सुटलो होतो, हनुवटीवर तीन टाके अजून आहेत.

मीराची_मावशी

बंड्याभाऊ, फाफे तिच्या बाबांनी आधीच दिलाय. तीन वाचली, आवडली. पण चौथं हातात घेतलं नाही. विचारलं तर म्हणाली, "मस्त आहे गं, पण बनेश कधी कन्फ्यूजच होत नाही."

कपाट_नंबर_सात

मावशी, भाचीला सांगा की तिचं हे वाक्य मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवलंय.

तालुक्याच्या गावी ‘ब’ वर्गाच्या वाचनालयात बावीस वर्षं देवघेवीला बसते. संध्याकाळी साडेपाचला शाळा सुटली की एसटीची वाट बघणारी पोरं आत येतात, पंख्याखाली बसायला. त्यातली दहातली एक कपाटाकडे बघते. मी त्या एकीसाठी टपून असते. वयाची पन्नाशी गाठली तरी मला स्वतःला तेरा-चौदा वर्षांच्या पोरांचीच पुस्तकं वाचायला आवडतात, त्यामुळे इथे जरा लांबेन.

भा. रा. भागवतांना आधी नमस्कार. मराठी मुलाला सायकलवर बसवून घराबाहेर काढणारा हा माणूस. ‘बालमित्र’ मासिक पदरमोड करून चालवलं आणि ज्यूल व्हर्न मराठीत आणला. पुस्तकं खाणाऱ्या मुलाचासुद्धा हीरो करून दाखवला, बिपिन बुकलवार. भाचीला बिपिन नक्की आवडेल. पण तिचं म्हणणंही खरं आहे. फेणेला संकट बाहेरून येतं. चोर असतो, शत्रू असतो. तेरा वर्षांच्या मुलीचं निम्मं संकट आतून येतं, आणि ते कुठल्या पोलीस इन्स्पेक्टरच्या ताब्यात देता येत नाही.

तुम्ही शोधताय ते पुस्तक बालविभागात सापडणारच नाही. ते मोठ्यांच्या कपाटात आहे. आमच्याकडे ते सात नंबरचं कपाट. प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ तिथे होतं, वरून दुसऱ्या फळीवर, म्हणजे पाचवीतल्याच काय, नववीतल्या मुलाचाही हात पुरणार नाही अशा जागी. शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी काढून बघितली तर अकरा वर्षांत चार शिक्के. चौघेही पेन्शनर. मी ते उचललं, दारातल्या बुटक्या मांडणीत ठेवलं, ‘किशोर’च्या अंकांशेजारी. कुणाला विचारलं नाही. पुढच्या दोन वर्षांत चिठ्ठी भरली आणि मला दुसरी चिकटवावी लागली.

लंपन नावाचा मुलगा आई-बाबांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहतो. बेळगावकडचा मुलूख, कानडीचा वास असलेली मराठी. घडत काही नाही. म्हणजे तो शाळेत जातो, फिरतो, एक सुमी आहे तिच्याशी भांडतो. पण त्याला जे होतं ते ‘मॅडसारखं’ होतं. ते काय होतं, त्याला सांगता येत नाही. लेखकही मध्ये पडून सांगत नाही, आणि तुमच्या अटीचं पुस्तक ते हेच. पुढे ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ अशी आणखी तीन आहेत.

दुसरं ‘शाळा’, मिलिंद बोकील. नववीचा वर्ग, आणीबाणीचा काळ, मुकुंद जोशी आणि त्याला आवडणारी शिरोडकर. हे बुटक्या मांडणीत आणलं तेव्हा कार्यकारिणीतले एक गृहस्थ चष्मा काढून म्हणाले, "बाई, मुलांच्या हातात प्रेमप्रकरण देताय." मी म्हटलं, सर, शिव्यापण आहेत त्यात. पुस्तक परत सातमध्ये गेलं. मग एक नववीतला मुलगा रोज यायचा, सातजवळ उभा राहून गाइडमध्ये घालून तेच वाचायचा आणि सव्वासहाची गाडी लागली की ठेवून जायचा. खूण म्हणून एसटीचं तिकीट. मी महिनाभर ते तिकीट हललं की नाही एवढंच बघायचे. बत्तीस दिवसांत संपवलं त्यानं. देवघेवीच्या वहीत त्याची नोंद नाही.

मुलगी आहे म्हणून ‘चौघीजणी’ सांगतेच. लुइसा मे अल्कॉटचं पुस्तक १८६८चं, अमेरिकेतलं, पण शांता शेळक्यांनी अशा मराठीत आणलंय की त्या चार बहिणी आपल्या वाड्यात वरच्या मजल्यावर राहतात असं वाटतं. आमच्या प्रतीत ज्यो लॉरीला नकार देते त्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय, ‘हिला काय झालं होतं हो म्हणायला?’ खाली वेगळ्या अक्षरात, ‘बरोबर केलं तिने.’ त्याखाली तिसरं अक्षर: ‘तुम्ही दोघी पुस्तक खराब करताय.’ नियमानं मी ते खोडायला हवं. दरवर्षी मोजणीला ती प्रत हातात येते आणि मी ते पान वाचून परत ठेवते.

आणि ‘पाडस’. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद. ज्योडी नावाचा मुलगा आणि हरणाचं पिल्लू. ससा-कासव समजून धाकट्या भावंडांना देऊ नका. शेवट कसा आहे ते मी सांगणार नाही, फक्त परीक्षेच्या आदल्या आठवड्यात देऊ नका.

आता माझी एक तक्रार. अमेरिकेत १९६७ साली एस. ई. हिंटन या मुलीची ‘द आउटसायडर्स’ आली तेव्हा ती १८ वर्षांची होती. लिहिली तर शाळेत असतानाच. मुलांच्या टोळ्यांची गोष्ट मुलीनं लिहिली म्हणून कुणी बाजूला ठेवू नये यासाठी नावाची नुसती आद्याक्षरं छापली. तिथल्या या वयाच्या पुस्तकांची फळी भरायला लागली त्यात या पुस्तकाचा मोठा हात आहे. आपल्याकडे ‘वनवास’ आलं १९९४ला, तेव्हा संत ५७चे. ‘शाळा’ २००४ची, बोकील तेव्हा सत्तेचाळिशीत. दोन्ही माझी जिवाभावाची पुस्तकं आहेत. पण दोन्हीकडे माणूस मागे वळून बघतोय. मराठीत चौदाव्या वर्षाची गोष्ट सांगायला माणसाला केस पिकेपर्यंत थांबावं का लागतं?

जेवण राहिलंय. उरलेलं उद्या.

ऋ_एकोणीस

कपाटताई, तिकिटाची गोष्ट वाचून मी होस्टेलच्या गॅलरीत एकटीच हसले.

पण भांडायचंय. मी एकोणीसची आहे, म्हणजे ‘त्या’ वयातून नुकतीच सुटलेय. ‘शाळा’ मी नववीतच वाचली आणि मला राग आला होता. मुकुंदाच्या डोक्यात काय चाललंय ते पानोपानी कळतं. शिरोडकरच्या डोक्यात? ती वर्गात बसते, रस्त्यानं जाते, बघते, बघत नाही. तिलाही घरी जाऊन काहीतरी वाटत असेलच ना. मी वहीच्या मागच्या पानांवर शिरोडकरची बाजू लिहायला घेतली होती. सहा पानं झाली, मग सहामाही आली.

मीराला इंग्रजी पुस्तकं का आवडतात याचं साधं कारण आहे. त्यात मुलगी ‘मी’ म्हणते. पाळी येते, मैत्रीण अचानक बोलायची बंद होते, आईचा तिरस्कार वाटतो आणि रात्री त्याचंच रडू येतं, हे सगळं ती स्वतः सांगते. जुडी ब्लूमनं हे १९७०मध्ये लिहिलं, अकरा-बारा वर्षांच्या मार्गारेटला देवाशी बोलायला लावून. माझ्या शाळेच्या लायब्ररीत ते नव्हतं, मैत्रिणीच्या चुलतबहिणीकडून आलं आणि वर्गातल्या नऊ जणींत फिरून चिंध्या होऊन परत गेलं. मराठीत माझ्या हाती असं काही लागलं नाही. माझ्या आजीच्या भाषेत मला कुणीतरी विचारावं, "काय गं, काय होतंय?" एवढंच हवं होतं.

कपाट_नंबर_सात

ऋ, भांड बाई, बिनधास्त भांड. शिरोडकरबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. कथा मुकुंद सांगतोय, त्याला तिच्या मनातलं कळत नाही हीच त्याची गोची आहे, असं मी म्हणू शकते. पण ते पुस्तकाच्या बचावासाठी झालं. तुझी भूक त्यानं भागत नाही.

ती सहा पानं जपून ठेवली आहेस का?

मुलगी नाही, पण मागे वळून न बघितल्यासारखं वाटणारं एक सांगते. ल. म. कडूंचं ‘खारीच्या वाटा’. धरणाच्या पाण्याखाली जाणारं गाव, आणि ते एका मुलाच्या उंचीवरून दिसतं. मोठे लोक मोबदला-पुनर्वसन बोलत असतात, याला आपल्या पायवाटा, झाडं, पाणवठे जाणार याचं. त्याला २०१७चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला आणि त्यामुळेच आमच्या खरेदीच्या यादीत ते विनातक्रार बसलं. पुरस्कारांचा मला दिसलेला सगळ्यात मोठा उपयोग हाच.

बंड्या_कऱ्हाडकर

फेणेवरून सुरू झालो, आता गप्प वाचत होतो. एक भर घालतो.

प्रकाश नारायण संत आमच्या कऱ्हाडला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. खरं नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित. कवयित्री इंदिरा संतांचा मुलगा, आजोळी दत्तक गेला म्हणून दीक्षित. हे मला पुस्तक वाचून झाल्यावर पुष्कळ उशिरा कळलं आणि मग ‘वनवास’ परत काढलं. आजी-आजोबांकडे राहणारा लंपन दुसऱ्यांदा वाचताना जरा वेगळाच लागतो. आमच्या गावात खडक शिकवणारा माणूस हे लिहीत होता, आणि मी तेव्हा बसस्टँडवर हेरकथा भाड्यानं आणत होतो, पन्नास पैसे दिवस.

मावशी, एक फुकटची सोय: ‘किशोर’ मासिक बालभारतीनं १९७१च्या नोव्हेंबरात सुरू केलं, जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. पोरीला सांगा, एखादा तिच्या आईच्या जन्मवर्षाचा काढ. आमच्या लेकीनं माझा काढला आणि आतल्या जाहिराती बघून अर्धा तास हसत होती. मग मात्र गोष्टी वाचल्या.

मीराची_मावशी

तीन आठवड्यांनी येतेय, आधी हिशेब देते.

‘वनवास’ आणि ‘चौघीजणी’ कुरियरनं ठाण्याला पाठवली. सोबत चिठ्ठी नाही, ‘वाच हं’ नाही. आठ दिवस शांतता. ताईला फोन केला तर म्हणाली, पुस्तकं फ्रिजवर आहेत. मी मनात म्हटलं, झालं.

मग एका मंगळवारी रात्री अकरा चाळीसला मेसेज. ‘मावशी, हा मुलगा मॅडसारखं मॅडसारखं म्हणतो. मराठीत असं लिहिलेलं चालतं??’ दोन प्रश्नचिन्हं. मी लिहिलं, चालतं. तिचं ‘ओके’.

दुसऱ्या दिवशी तीन शब्दांचे अर्थ विचारले. त्यातला एक मलाही येत नव्हता, शेजारच्या निपाणीच्या काकूंना विचारून कळवला. शनिवारी पुस्तक परत ताटासमोर आलं, ताईनं मला फोटो पाठवला, तांब्याला ‘वनवास’ टेकवलेलं आणि वरणाचा एक थेंब पानावर. ताई वैतागलेली होती. मी तो फोटो ठेवलाय.

काल रात्री फोनच आला. आवाज जरा बसलेला. म्हणाली, "त्याचे आई-बाबा त्याला घरी घेऊन का जात नाहीत?"

मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

बराच वेळ काही बोलली नाही. मग, "मी पुढचं वाचून सांगते. तू सांगू नकोस."

ऋ_एकोणीस

सांगू नका हं मावशी, खरंच.

कपाटताई, वही सापडली. आईच्या माळ्यावर होती. सहा नाही, साडेसात पानं आहेत.

कपाट_नंबर_सात

मावशी, ‘शारदा संगीत’ मागवून ठेवा, आता दोन दिवसांत लागेल.

ऋ, साडेसातचं पान कुठे तुटलंय ते सांग.