मदत हवी आहे: आईला लोकल आणि बसने मुंबई दाखवायची आहे, पण गुडघे दुखतात

नमस्कार. पुढच्या महिन्यात शुक्रवार ते रविवार आईला घेऊन मुंबईला येतेय. आम्ही सांगलीचे, मुक्काम दादरला. आई ७२ वर्षांची आहे. लग्नानंतर दहाएक वर्षं ती लालबागच्या चाळीत राहिली, वडील गिरणीत होते. १९८२च्या संपानंतर बिऱ्हाड गावी आलं. मी तेव्हा तान्ही होते. त्यानंतर तिचं मुंबईला जाणंच झालं नाही. आता म्हणते, "टॅक्सीच्या काचेतून मुंबई बघायची नाही मला. लोकलने जायचं, डबल डेकरमध्ये बसायचं."

सपाट रस्त्यावर ती पंधरा मिनिटं चालते, पण एक जिना चढला की बसावं लागतं. मला धास्ती आहे ती पायऱ्यांची. लोकल स्टेशनवर जेमतेम अर्धा मिनिट थांबते, तेवढ्यात तिला उतरवायचं कसं?

सिद्धिविनायक, महालक्ष्मीचं देऊळ, गेटवे आणि लालबाग नाका एवढंच बघायचंय. मेट्रो ३ ने दोन्ही देवळं होतील का? लालबागला करी रोडला उतरू की चिंचपोकळीला? डबल डेकर अजून आहेत का?

प्रतिसाद:
ताई, आईंना नक्की आणा. माझ्या सासूबाईंचेही गुडघे गेलेत, म्हणून अनुभवाने सांगते.

मेट्रो ३ ला सगळीकडे लिफ्ट आहे. दादरहून सिद्धिविनायक पुढचंच स्टेशन. महालक्ष्मीचं मात्र नाव बघून फसू नका, ते मेट्रो स्टेशन रेल्वेच्या महालक्ष्मी स्टेशनजवळ आहे. देऊळ तिथून लांब पडतं, तेवढ्यापुरती टॅक्सी कराच.

लालबागला लोकलने जाऊच नका. करी रोड काय, चिंचपोकळी काय, पूल चढावाच लागतो. दादरहून आंबेडकर रोडने जाणारी बेस्टची बस पकडा, थेट नाक्यावर उतराल.

लोकलची हौस दादर ते सीएसएमटी (जुनं व्हीटी) भागवा. शेवटचं स्टेशन, गाडी उभी राहते, सगळे उतरले की सावकाश उतरायचं. तिथे फलाटावरून रस्त्यापर्यंत एकही जिना नाही. परत येताना रिकाम्या गाडीत आधी बसून घ्यायचं. दुपारी १२ ते ३ मध्ये, लेडीज डब्यात. सेकंड क्लासचं तिकीट ५ रुपये. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद ठेवतात, तो दिवस टाळा.

जुन्या लाल डबल डेकर २०२३ मध्ये बंद झाल्या. आता विजेवरच्या एसी आहेत, सीएसएमटीहून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहाकडे जातात. आईंना खालीच बसवा.

धागाकर्ती:
खूप आभार! आईला वाचून दाखवलं. खाली बसायला तयार नाही, वरची पुढची सीटच हवी म्हणते. बघू. शुक्रवारी दुपारी सीएसएमटी नक्की केलं. आता एकच राहिलं: दादरला मध्य रेल्वेच्या फलाटावर लिफ्ट कुठल्या टोकाला आहे? रोज जाणाऱ्या कोणी सांगितलं तर त्याच बाजूच्या लेडीज डब्यात बसवेन तिला.