तांडेल वयानं मोठे, ऐकत नाहीत, काय करू?

नवखा_साहेब: मंडळी, मी पुण्यातच फायर ब्रिगेडला आहे, नागपूरचा कोर्स करून आलो, सब ऑफिसर होऊन सहा महिने झालेत. माझ्या शिफ्टचे तांडेल (जवानांचे म्होरके, माझ्या हाताखालचे) वडिलांच्या वयाचे, नोकरी २५ वर्षं. मागच्या आठवड्यात पेठेत जुन्या वाड्याला आग, गाडी बोळात जाईना, होज खांद्यावर घेऊन पळालो आणि मी बीए सेट (पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि मास्क) लावा म्हणेपर्यंत हे नाकाला ओला रुमाल बांधून आत, मागं दोन पोरं तशीच. मी पब्लिकसमोर ओरडलो, "काका, आधी बाहेर या!" कुणाला काही झालं नाही, पण तेव्हापासून मी चहाला गेलो की सगळे गप्प. मेमो देऊ का?

सदाशिवकर: द्याच. आज रुमाल, उद्या पंचनामा.

रिटायर्ड_तात्या: लगेच नको. एकदा कागद झाला की माणूस तुमचा राहत नाही. ओरडलात ते बरोबर, आगीवर कोण गोड बोलतं, पण केंद्रावर परत आल्यावर त्यांना एकट्याला गाठायला हवं होतं, ते राहिलं बघा. वाड्याचं माळवद कुठं बसणार हे त्यांना करकरीवरनं कळतं, ते त्यांच्याकडनं शिका. रुमालाला मात्र अजिबात सूट नाही. कार्बन मोनॉक्साइड ओल्या फडक्यानं अडत नाही, वासही येत नाही, माणूस बसल्या जागी झोपतो. आणि अनुभवाचं म्हणाल तर काळबादेवीच्या आगीत २०१५ मध्ये आपले चार अधिकारी गेले, त्यात मुंबई फायर ब्रिगेडचे प्रमुखसुद्धा, अनुभव कमी होता का त्यांना? रोज हजेरीला आधी स्वतः सेट चढवा, मग बाकीच्यांना सांगा. ३०० बारच्या सिलिंडरचा दाब कमी दिसला तर तिथंच बदला.

पंपावरचा_ड्रायव्हर: साहेब एक विचारू, काकांना चाळिशी आहे का? आमच्याकडं एक होते, गेजचा काटाच दिसायचा नाही, मास्कमध्ये चष्मा घातला तर काडीपाशी हवा लीक, आणि चारचौघात सांगायची लाज, म्हणून सेटच लावायचे नाहीत, वर आम्हालाच म्हणायचे आमच्या वेळी कुठं होते हे लाड. मास्कच्या आत बसणारी चष्म्याची फ्रेम मिळते, ती मागवल्यावर गपचूप लावायला लागले.

नवखा_साहेब: च्यायला. हजेरीच्या वहीत सही करताना वही हातभर लांब धरतात ते. उद्या डे शिफ्ट आहे, चहाला एकटंच घेऊन जातो.