मदत हवी आहे : क्लोरेलाच्या तलावात शेवाळ खाणारे जीव घुसलेत

बायोडिझेलसाठी क्लोरेला (एकपेशीय हिरवं शेवाळ) वाढवतोय. उघडा रेसवे (पाणी गोल फिरवत ठेवणारा उथळ तलाव), २० घनमीटर, पाण्याची खोली २० सेंमी, नायट्रोजन युरियातून. पीएच पहाटे ७.६, दुपारी ८.८. काल ७५० नॅनोमीटरच्या प्रकाशाला घनता (शेवाळ किती दाट आहे याचं माप) १.२ होती, आज ०.५. रंग पिवळट तपकिरी, वर फेस. ४०० पटीत ८-१० मायक्रॉनचे गोल, पळणारे जीव दिसतात, पोटात हिरवे गोळे. ब्लीच टाकू का? किती? की बारीक जाळीतून गाळून घेऊ?

हरितकण :
ब्लीच आत्ता नको. क्लोरीन समोर येईल त्या सेंद्रिय पदार्थावर खर्च होतो आणि तुमच्या तलावात सगळ्यात जास्त सेंद्रिय पदार्थ म्हणजे क्लोरेलाच. मात्रा कमी पडली तर शिकारी जगतो, वाढली तर पीक जातं.

वर्णनावरून पोटेरिओओक्रोमोनासचा (शेवाळ गिळणारा एकपेशीय जीव) संशय येतो. एक लांब आणि एक आखूड शेपटी दिसते का बघा. तसं असेल तर जाळीचा उपयोग नाही, तो जवळपास क्लोरेलाएवढाच असतो. जाळी रोटिफर आणि मोठे सिलिएट अशा आकाराने मोठ्या सूक्ष्म शिकाऱ्यांसाठी.

यावर कार्बन डायऑक्साइड चालतो. संध्याकाळी पॅडलव्हील (पाणी फिरवणारं चाक) चालू ठेवून वायू सोडा, पीएच ६ ते ६.५ वर आणा आणि रात्रभर तिथेच धरा. दिवसा प्रकाशसंश्लेषण पीएच वर ओढतं, म्हणून कंट्रोलर असेल तर उत्तम. आम्ल ओतून तोच पीएच गाठला तरी परिणाम तसाच मिळेल असं धरू नका: विरघळलेला वायू पेशीच्या आत शिरून आतून आम्लता वाढवतो. आधी एका बादलीत करून बघा.

थेंबमोजणी :
अमोनियम बायकार्बोनेट हा दुसरा मार्ग, पण दोन्ही एकत्र करू नका. मारतो तो मुक्त अमोनिया आणि तो पीएचवर ठरतो. २५ अंशांना पीएच ९.२५ असेल तर निम्मा मुक्त, ८.२५ ला सुमारे ९ टक्के, ७.२५ ला जेमतेम १ टक्का. वायूने पीएच पाडलात की अमोनियाचा मार्ग बंद.

समजा, मात्रा लिटरला ४० मिग्रॅ नायट्रोजन धरली, तर ती म्हणजे तुमच्या तलावाला ८०० ग्रॅम, म्हणजे साधारण साडेचार किलो बायकार्बोनेट. थेट ओतू नका. ०, २०, ४०, ८० मिग्रॅचे चार बीकर लावा, कारण क्लोरेलालाही मुक्त अमोनिया झोंबतो. आणि दुपारी पीएच चढला की तीच मात्रा जड होते.

मोजणीही सुधारा. न्यूबाउअर चेंबरचे (पेशी मोजायची चौकोन आखलेली काच) नऊ मोठे चौकोन मिळून फक्त ०.९ मायक्रोलिटर. मिलिलिटरमागे १,००० जीव असले तरी सरासरी एकच दिसेल. चेंबर अनेकदा भरा, नमुना जिवंत ठेवा. क्लोरेलाला शेपटी नसते, त्यामुळे स्वतःहून पोहणारं काहीही परकं.

प्रश्नकर्ता :
वायू लागू पडला नाही तर?

हरितकण :
सकाळी जीव तितकेच चपळ असतील आणि घनता घसरतच असेल, तर उरलेलं शेवाळ लगेच काढून घ्या. थांबलात तर तेही खाल्लं जाईल. मग तलाव रिकामा करून घासा, रिकाम्या तलावातच क्लोरीन वापरा, धुऊन पूर्ण वाळवा. पॅडलव्हीलचा दांडा, सांधे, नळ्यांची तोंडं सोडू नका. या गटातले जीव सिलिकाच्या कवचाचे कोष्ठ (सुप्तावस्थेतल्या पेशी) करून तग धरतात. नवं बियाणं (सुरुवातीचं क्लोरेला) टाकण्याआधी तेही सूक्ष्मदर्शकाखाली तपासा आणि घट्ट टाका, पातळ सुरुवात शिकाऱ्याच्या पथ्यावर पडते.