वर कचरा आणि खाली रसायन असेल, तर ‘दूषित स्थळ’ नियमांतून जागा वगळता येते का? मदत हवी आहे

नमस्कार. आमची सोसायटी ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याला लागून, रबाळ्याच्या बाजूला आहे. मागच्या भिंतीपलीकडील भूखंडावर पूर्वी रंग तयार करणारा लहान कारखाना होता. तो बंद पडल्यानंतर शेड पाडली गेली आणि मोकळ्या जागेत आजूबाजूचा घरगुती कचरा व डेब्रिज येऊन पडू लागले. मागील पावसाळ्यात भिंतीच्या तळाशी ठेवलेल्या भोकांतून जांभळट पाणी झिरपू लागले. वॉचमनने त्या डागांवर दोनदा चुना मारला, तरी डाग पुन्हा वर आले. ऊन पडले की तेथे डांबरगोळीसारखा वास येतो, आणि नारळाच्या करवंट्या व गोण्यांच्या ढिगाखाली झाकण फुगलेली दोन निळी पिंपे स्पष्ट दिसतात.

तक्रार केल्यावर संबंधित कार्यालयाकडून एका ओळीचे उत्तर आले : ही कचरा टाकण्याची जागा असल्याने दूषित स्थळांचे नियम तिला लागू होत नाहीत.

केंद्राने जुलै २०२५ मध्ये अधिसूचित केलेले हे नियम मी वाचले आहेत. किरणोत्सर्गी कचरा, खाणकाम, समुद्रातील तेलप्रदूषण आणि डंपिंग साइटवरील घनकचरा या चार बाबी, त्यांच्यासाठी वेगळे कायदे असल्यामुळे, त्यांतून वगळल्या आहेत हे खरे. परंतु त्याच तरतुदीला जोडलेल्या परंतुकानुसार (म्हणजे नियमाला जोडलेल्या अपवादाच्या अटीनुसार), अशा कचऱ्यात अन्य दूषित पदार्थ मिसळला असेल आणि त्याचे प्रमाण नियमांत ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर त्या स्थळाची स्वच्छता याच नियमांखाली येते. कार्यालयाच्या उत्तरात परंतुकाचा उल्लेखही नाही. दूषित जागांच्या स्वच्छतेसाठी असलेल्या अमेरिकेच्या १९८० च्या सुपरफंड कायद्यातूनही पेट्रोलियम वगळलेले आहे, पण त्यात दुसरे घातक द्रव्य मिसळून वेगळे काढता येईनासे झाले, तर तेथेही ही सूट टिकत नाही, असे वाचनात आले.

माझी अडचण अशी की, मिसळ झाली आहे हे तपासणीशिवाय सिद्ध होणार नाही, आणि नियमच लागू नाहीत असे म्हटल्यावर तपासणी कोणी करायची? स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची सहामाही यादी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायची, मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक पाहणी करायची, असा क्रम आहे. यादीत नावच गेले नाही, तर ते ९० दिवस सुरूच होत नाहीत. सोसायटीने खासगी प्रयोगशाळेकडून पाण्याची तपासणी करून घेतली, तर तिला कायद्याने काही वजन असेल का? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद : आपण परंतुकावर सगळा भर देत आहात, पण त्याआधीची पायरी राहून गेली आहे. मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मधील व्याख्येनुसार, स्थानिक संस्था शास्त्रीय भरावाची तत्त्वे न पाळता घनकचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी जी जमीन वापरते, ती डंपसाइट. येणाऱ्या-जाणाऱ्याने गोणी टाकली म्हणून खासगी भूखंड डंपसाइट होत नाही. हा भूखंड स्थानिक संस्थेने कचऱ्यासाठी कधी वापरला होता का, एवढाच प्रश्न माहिती अधिकारात विचारावा. ‘नाही’ असे उत्तर आले, तर वगळण्याचा आधारच जातो आणि परंतुकापर्यंत जाण्याची गरजही उरत नाही.

प्रयोगशाळेबाबत : पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ च्या कलम ११ प्रमाणे अधिकृत अधिकाऱ्याने रीतसर घेतलेला नमुनाच त्या कायद्याखालील कारवाईत पुरावा म्हणून चालतो. आपला खासगी अहवाल तक्रारीला जोडण्यापुरता उपयोगी, पण त्यासाठी निव्वळ झिरपणारे पाणी देऊ नका. पावसाच्या पाण्याने ते पातळ झालेले असते. सोसायटीची बोअरवेल असेल तर तिचेही पाणी द्या. आणि सभासदांनी पिंपांना हात लावू नये.

धागाकर्ता : मनःपूर्वक आभार. व्याख्येकडे खरोखरच लक्ष गेले नव्हते. बोअरवेल आहे, तिचे पाणी गाड्या धुण्यासाठी वापरतो. अहवाल येईपर्यंत ती बंद ठेवण्याचा विषय रविवारच्या सभेत घेत आहे. माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी देईन. उत्तर आले की येथेच कळवतो.