मदत हवी आहे: इंदूरहून महेश्वरपर्यंत, डांबर टाळून, ग्रॅव्हल बाइकवर

नमस्कार मंडळी,

मी इंदूरची, रामबागेत राहते. सहा वर्षं रोड बाइक चालवल्यावर यंदा ग्रॅव्हल बाइक, म्हणजे कच्च्या रस्त्यासाठी रुंद टायरची सायकल, घेतली. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सोळा वर्षांच्या लेकीला घेऊन महेश्वरला जायचं ठरवलंय. ती तिच्या माउंटन बाइकवर असेल. सडकेनं हे अंतर नव्वदेक किलोमीटर आहे, ते मी दोनदा केलंय. आता मात्र जंगलातून, खोऱ्यांच्या कडेकडेनं जायचंय. दोन दिवस लागले तरी चालतील.

ही ओढ कुठून आली तेही सांगते. माझं आजोळ खंडव्याचं. लहानपणी मीटरगेजच्या गाडीनं जायचो. पातालपाणी स्टेशन सुटलं की मी खिडकी सोडत नसे: बोगदे, खाली चोरल नदी, सागाचं रान, आणि कालाकुंडला पानात बांधून मिळणारा कलाकंद. ती खंडव्याची गाडी आता नाही. लेकीनं ही दरी फक्त पातालपाणीच्या धबधब्याच्या कठड्यावरून पाहिली आहे. तिनं ती उतरून पाहावी, असं मला फार वाटतं.

ऑगस्टमध्ये एकटीनं प्रयत्न केला आणि फसले. महूच्या पुढे शेतातल्या कच्च्या रस्त्याला लागले, तर दोनशे मीटरांत काळी माती चाकाला अशी लिंपली गेली की चाक फ्रेममध्ये अडकून फिरेचना. काडीनं खरवडायचं, दहा पावलं जायचं, परत तेच. शेवटी सायकल खांद्यावर घेऊन सडकेपर्यंत आले. त्या दिवशी एकटी होते म्हणून निभावलं, लेक बरोबर असताना असं व्हायला नको.

तर विचारायचंय ते असं. पातालपाणीहून कालाकुंडला सायकलनं उतरता येतं का? काही जण रुळाच्या कडेनं चालत जातात असं ऐकलंय. ते जमणार नसेल तर घाट कुठून उतरावा? सिमरोलवरून खंडवा रोडनं भेरूघाट उतरायचा नाही, तिथल्या ट्रकांमध्ये मला लेकीला न्यायचं नाही. आणि टायर कुठले लावू? सध्या 700 × 38 आहेत, म्हणजे 38 मिमी रुंद, आत ट्यूब. दुकानदारानं रिम ट्यूबलेसला, म्हणजे ट्यूबशिवायच्या टायरला, चालेल म्हणून सांगितलं होतं. घरी येऊन पाहिलं तर ती तशी नाहीच. हे दुःख वेगळंच.

---

महूकर_काका

बेटा, आधी नको ते सांगतो. रुळाच्या कडेनं जायचं नाही. खंडव्याची गाडी बंद झाली म्हणून रूळ मोकळे आहेत असं नाही. 2018 च्या डिसेंबरात पातालपाणी-कालाकुंड हेरिटेज गाडी सुरू झाली, ती त्याच रुळांवरून धावते. बोगद्यात आणि पुलांवर बाजूला व्हायला जागा नसते, सायकल हातात असताना तर नाहीच. मुलीला दरी दाखवायची तर एखाद्या दिवशी त्या गाडीनंच ने, तुझ्या आठवणीतली खिडकी तिलाही मिळेल. होळकरांनी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले म्हणून हा मार्ग झाला, हेही तिला सांग.

घाटासाठी तू जाम दरवाज्याचा रस्ता धर. महूहून बडगोंदा, मग मेहंदी कुंडाच्या धबधब्याकडे वळायचं, परत सडकेवर येऊन जाम दरवाजा. घाटाचा रस्ता डांबरीच आहे, पण त्यावर गर्दी कमी असते आणि दोन्ही बाजूंना रान. कच्च्याची हौस वर पठारावर फेडून घे, उतार मात्र सडकेनं उतर. अहिल्याबाईंच्या काळातला दरवाजा आहे. त्याच्या कमानीतून पुढे पाहिलंस की माळवा संपतो, निमाड सुरू होतो. इंदूर साडेपाचशे मीटरवर आणि महेश्वर दीडशेच्या आसपास. चारशे मीटरांची ही पायरी जवळजवळ सगळी त्या एका घाटात उतरते.

आणखी एक. महूजवळच्या जानापाव डोंगरावर चंबळ उगम पावते, ती उत्तरेला जाऊन यमुनेला मिळते. तिथून थोड्याच अंतरावरची चोरल दक्षिणेला उतरून नर्मदेला मिळते. म्हणजे एकीचं पाणी बंगालच्या उपसागरात, दुसरीचं अरबी समुद्रात. मी तीस वर्षं या रानात फिरलो, तरी त्या धारेवर उभं राहिलं की अजून अंगावर काटा येतो.

महूच्या आसपास फौजेच्या फायरिंग रेंज आहेत. नकाशावर वाट दिसली म्हणून घुसू नकोस. लाल झेंडा दिसला की मागे फिर, आणि झेंडा नसला तरी गावात विचारल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. राखीव जंगलातल्या वाटेला लागण्याआधी वनचौकीवर सांगून जा. बिबटे इथे कायमचे आहेत, 2023 मध्ये वाघही महूपर्यंत आला होता. घाबरवत नाही तुला, पण चार वाजता जंगलाच्या बाहेर असायचं. नोव्हेंबरअखेरीस पावणेसहालाच सूर्य बुडतो, दरीत अंधार त्याआधीच होतो.

कुंडाच्या पाण्यात उतरायचं नाही. जुलै 2011 मध्ये पातालपाणीला एकाएकी लोंढा आला आणि माणसं डोळ्यांदेखत वाहून गेली. खाली ऊन असलं तरी वर पाऊस पडलेला असू शकतो. नोव्हेंबरात तसा धोका कमी, तरी शेवाळलेल्या दगडांनी कडेवरून पाय घसरतो.

---

चाकोरीबाहेर

ताई, रूटबद्दल काकांच्या पुढे मी काय बोलणार. मी टायरबद्दल सांगतो.

काळी माती टाळायचा एकच उपाय, ओली असताना तिच्यात जायचं नाही. टायर कितीही चांगला घ्या, मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाची ही माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. पाऊस थांबला म्हणून नोव्हेंबरात निर्धास्त राहू नका. तेव्हा गव्हाच्या पेरण्या चालू असतात, मोटारीचं पाणी शेतातून वाटेवर येतं. आकाश स्वच्छ आणि वाट चिखलाची, हे मी दोनदा भोगलंय. शेताच्या बाजूला मुरूम टाकलेला रस्ता असेल तर तोच घ्या, थोडा लांबचा पडला तरी.

फ्रेममध्ये 45 मिमी बसत असेल तर तोच घाला. मात्र टायर आणि फ्रेम यांच्यात दोन्ही बाजूंना निदान पाच-सहा मिलिमीटर मोकळं राहिलं पाहिजे. तुमचं चाक अडकलं ते तिथेच. बसत नसेल तर 40.

रिम ट्यूबलेसची नाही, तर जबरदस्ती टेप लावून करू नका, घाटात टायर रिमवरून सुटलं तर फार वाईट. ट्यूबच ठेवा, पण ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, भरा. त्यासाठी व्हॉल्व्हचा गाभा निघणारी ट्यूब लागते. बाभळीचे काटे आणि गोखरू यांना तेवढं पुरतं. खरा शत्रू सोयाबीनचे खुंट. कापणीनंतर तिरपे कापलेले खुंट सुरीसारखे असतात, शेताच्या बांधावरून सायकल हातात धरूनच न्या. ट्यूबला हवा फार कमी करू नका, दगडावर आपटून ट्यूब चिरडते. साठ किलोच्या माणसाला 40 मिमीवर 38-40 पीएसआय हवेचा दाब ठीक.

मागचे गिअर बदलणारा डिरेलर ज्या पट्टीवर टांगलेला असतो, तो हँगर प्रत्येक सायकलीचा वेगळा असतो, दोघींचा एकेक बरोबर घ्या. सागाच्या फांदीत डिरेलर अडकून हँगर वाकला, तर जंगलात दुसरं काहीच कामाला येत नाही.

आणि लेकीच्या सायकलचे ब्रेक पॅड आधी बदला. तुमचे नंतर.

---

रेवाकाठी

मुक्कामाबद्दल: पहिल्या दिवशी नर्मदाकाठच्या मंडलेश्वरलाच थांबा. देवउठनी एकादशीनंतर नर्मदेचे परिक्रमावासी निघालेले असतात, त्या काठावर आश्रम-धर्मशाळांतून त्यांची सोय असते. पण ती जागा त्यांची, आपण पैसे देऊन लॉज घ्यावा हे बरं. महेश्वर तिथून सात-आठ किलोमीटर, सकाळी नदीच्या घाटावर ऊन यायच्या आत पोहोचाल. परतीला सायकली बसच्या टपावर चढवा. चारशे मीटर चढून येण्याचा हट्ट लेकीबरोबर करू नका.

---

मूळ प्रश्नकर्ती (नंतरची भर)

काका, दादा, ताई, तिघांचेही मनापासून आभार. रुळाच्या वाटेचा विचार सोडून दिला. कालाकुंडला गाडीनं जाऊ, कलाकंद तिला तिथेच खाऊ घालीन.

काल एकटीनं अर्धी वाट पाहून आले. बडगोंद्यापुढे मेहंदी कुंडाकडे वळले. शेवटचा टप्पा मुरमाचा, दगडगोट्यांचा, आणि 40 मिमीवर आरामात निघाला. सागाची पानं अजून हिरवी आहेत. कड्यापाशी सायकल आडवी ठेवून बराच वेळ बसले. खाली पाणी पडत होतं आणि दुसरा आवाज नव्हता. एक गुराखी आजोबा भेटले. पलीकडच्या वाटेनं जाम दरवाज्याला जाता येईल का, विचारलं. ते म्हणाले, "बैल जाय, मानुस जाय, या सायकल नी जाय." म्हणजे सायकल जाणार नाही. म्हणून परत सडकेनंच गेले. दरवाज्याच्या कमानीतून निमाड पाहिला, आणि लेकीला इथे नेमकं कुठे उभं करायचं ते ठरवून टाकलं.

एक प्रश्न उरलाय. घाट उतरल्यावर मंडलेश्वरपर्यंत मुख्य सडकेला समांतर, गावागावांतून जाणारी कच्ची वाट कुणी नोव्हेंबरात सायकलनं केली आहे का? तिकडे कपाशी आणि गहू दोन्ही असतात, म्हणून मोटारीच्या पाण्याची धास्ती आहे. कुणी अलीकडे गेलं असेल तर कोणत्या गावापाशी सडक सोडली आणि कुठे परत धरली, एवढं लिहा. पुढच्या रविवारी तिथूनच सुरू करून बघणार आहे.